पाणपिसूच्या हृदयाची साक्ष

(हीरक महोत्सवी व्याख्यानमाला, जबलपूर : व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्रापासून दूर, नर्मदेच्या काठी मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांनी हे व्रत निभावले त्यांना प्रथम वंदन करतो. विज्ञान आणि व्यसनमुक्ती हे दोन्ही विषय एकत्र येतील असे काही बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. व्यसनमुक्तीवरील भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. त्यांत भर घालण्यापेक्षा एका लहानशा प्रयोगाचा विचार आपल्यापुढे ठेवावा असे मला वाटले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये हा प्रयोग जगभर केला जातो आणि काही ठिकाणी तो दारूविरोधी प्रचारासाठीही वापरला जातो. पाण्यातल्या एका चिमुकल्या जिवाचे हृदय मद्यार्कामुळे कसे मंदावते, हा त्या प्रयोगाचा विषय. हा प्रयोग काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची छाननी आज करायची आहे. वरकरणी हा प्रश्न प्रयोगशाळेतला दिसतो. पण मुलांशी दारूविषयी काय आणि कसे बोलावे या घरातल्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

जबलपूर हे बावन्न ताल-तलैयांचे शहर म्हणून ओळखले जाते. राणी दुर्गावतीच्या नावाचा रानीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, मंत्री अधारसिंह यांच्या नावाचा अधारताल अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांतले कित्येक तलाव बुजले आणि केवळ वस्त्यांची नावे म्हणून उरले. जे शिल्लक आहेत त्यांच्यापैकी एखाद्याच्या काठचे हिरवट पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, तर बहुधा टाचणीच्या डोक्याहून लहान असे काही ठिपके त्यात झटके देत वर-खाली उड्या मारताना दिसतील. पाण्यातली ही पिसू. सतराव्या शतकात यान स्वामरडॅम या डच निसर्गअभ्यासकाने १६६९ साली तिचे वर्णन केले आणि तिच्या उड्यांवरून तिला पिसवेची उपमा दिली. वास्तविक पिसवेशी तिचे काही नाते नाही. ती कोळंबी-खेकड्यांच्या कुळातली. शास्त्रीय पुस्तकांत तिच्या एका प्रसिद्ध जातिसमूहाला डाफ्निया म्हणतात. आपल्याकडच्या उष्ण तलावांत मॉइना, सिरिओडाफ्निया असे तिचे धाकटे भाऊबंदही आढळतात. आज आपण या सगळ्यांना पाणपिसू म्हणू या.

पाणपिसू पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खाते आणि माशांची पिल्ले तिला खातात. अशा रीतीने तलावाच्या अन्नसाखळीत तिचे स्थान मधले आहे. अभ्यासकाला ती प्रिय आहे ती मात्र दुसऱ्या कारणाने. तिचे शरीर पारदर्शक असते. साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखाली तिचा एकुलता एक काळा डोळा दिसतो, आतड्यातून सरकणारे हिरवे अन्न दिसते, पाठीमागच्या पिशवीत अंडी किंवा पिल्ले दिसतात. आणि त्या पिशवीच्या जरा वर, पाठीच्या बाजूला, अखंड फडफडणारे एक लहानसे हृदय दिसते. त्वचा न कापता, प्राण्याला न मारता जिवंत हृदय काम करताना पाहण्याची ही संधी आहे. प्राण्यांची चिरफाड आता शिक्षणातून मागे पडली, ते योग्यच झाले. अशा काळात या संधीचे मोल अधिकच वाढते.

अशा पारदर्शक जिवाचा उपयोग नवा नाही. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या विल्यम हार्वे यांनी १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात थेम्स नदीत आणि समुद्रात सापडणाऱ्या एका लहान, पारदर्शक कोळंबीचा उल्लेख केला आहे. तिचे हृदय जणू खिडकीतून पाहावे तसे ते स्वतः पाहत आणि मित्रांनाही दाखवीत. पुढे १८८४ साली एली मेच्निकॉफ यांनी पाणपिसूच्या शरीरात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंवर तिच्या पेशी तुटून पडताना पाहिल्या. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, या विचाराला त्यातून मोठे बळ मिळाले. त्याच कार्यमालिकेसाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सांगायचे असे की पाणपिसू ही विज्ञानाच्या दरबारातली जुनी साक्षीदार आहे. तिची साक्ष हलक्यात घेण्याचे कारण नाही. पण कोणत्याही साक्षीदाराला त्याने पाहिले तेवढेच विचारावे, हा न्यायालयाचा नियम इथेही पाळावा लागतो.

आता प्रयोगाकडे वळू. खोलगट काचपट्टीवर तलावाच्या पाण्याचा थेंब घेतात. पाणपिसूने फार हालचाल करू नये म्हणून त्यात कापसाचे दोन-चार तंतू ठेवतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्राण्याचा आकार, वय आणि पाण्याचे तापमान यांनुसार ठोक्यांचे प्रमाण पुष्कळ बदलते. पण ते मिनिटाला दोनशेच्या आगेमागे आणि कधी तीनशेपर्यंतही असू शकते. म्हणजे सेकंदाला तीन ते पाच ठोके. इतके वेगाने तोंडाने मोजणे अशक्य. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आणि प्रत्येक ठोक्याबरोबर हातातल्या पेन्सिलीने कागदावर एक ठिपका द्यायचा. ठिपके एकावर एक पडू नयेत म्हणून हात हळूहळू पुढे सरकवायचा. शेजारच्या विद्यार्थ्याने दहा सेकंद झाल्यावर ‘थांब’ म्हणायचे. मग ठिपके मोजून सहाने गुणायचे. चाळीस ठिपके आले तर मिनिटाला दोनशे चाळीस ठोके.

त्यानंतर पाण्यात थोडा मद्यार्क, म्हणजे इथाइल अल्कोहोल, मिसळतात आणि पुन्हा मोजतात. मद्यार्काचे प्रमाण पुरेसे असले तर काही मिनिटांतच ठोके कमी होताना दिसतात. प्रमाण वाढवत नेले तर ते आणखी मंदावतात, अनियमित होतात आणि शेवटी हृदय थांबते. सौम्य मात्रेत मंदावलेले हृदय प्राणी स्वच्छ पाण्यात परत सोडल्यावर पुष्कळदा पूर्ववत होते. याचे कारणही समजण्याजोगे आहे. मद्यार्काचा रेणू लहान असतो. तो पाण्यात पूर्णपणे मिसळतो आणि पेशींच्या स्निग्ध आवरणातूनही सहज आत शिरतो. तिथे तो त्या आवरणातील प्रथिनांच्या द्वारांवर परिणाम करतो. या द्वारांमधून कॅल्शियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युतभारित कणांची ये-जा होते आणि त्याच ये-जा करण्यातून स्नायूचे आकुंचन घडते. द्वारे मंदावली की स्नायूही मंदावतो.

इथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे सुरू होते. एवढा आकडा हाती आला की मोह होतो, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे : ‘पाहा, दारूने हृदय थांबते.’ भिंतीवर लावायला उत्तम घोषणा. मुले स्तब्ध होतात, पालक समाधान पावतात. पण त्या घोषणेपर्यंत जाताना आपण किती पायऱ्या गाळल्या, ते पाहू.

पहिली पायरी मोजणीची. पाणपिसूचे रक्त आपल्यासारखे उबदार नसते. भोवतीच्या पाण्याचे तापमान वाढले की तिच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि पाणी थंड झाले की कमी होतात. सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या दिव्याची उष्णता काचपट्टीवरच्या थेंबभर पाण्याला तापवायला पुरेशी असते. म्हणजे एकच प्राणी, एकच पाणी, पाच मिनिटांच्या अंतराने मोजले तरी आकडे वेगळे येऊ शकतात आणि त्यात मद्यार्काचा काहीही हात नसतो. म्हणून पाणपिसवांचा दुसरा एक गट असावा लागतो. त्यांना सारे काही तसेच करायचे : त्याच दिव्याखाली ठेवायचे, त्यांचे पाणी तितक्याच वेळा बदलायचे, फक्त त्यात मद्यार्क घालायचा नाही. या तुलनेच्या गटाशिवाय मिळालेला आकडा कशाचा, ते सांगता येत नाही.

दुसरी पायरी मोजणाऱ्याच्या मनाची. कोणत्या थेंबात मद्यार्क आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याची पेन्सिल नकळत मंदावते. यात लबाडी नसते, हा मनाचा स्वभाव आहे. त्यावर उपाय असा की काचपट्ट्यांवर खुणेचे आकडे दुसऱ्याने घालावेत आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ते मोजणी संपल्यावरच उघड करावे. तिसरी पायरी संख्येची. एका पाणपिसूवरून निष्कर्ष काढता येत नाही. एखादी तरुण असते, एखादी अंड्यांनी भरलेली, एखादी आधीच मरणाला टेकलेली. दहा-बारा प्राण्यांवर मोजले तरच सरासरीला काही अर्थ येतो आणि सौम्य मात्रांवर तर त्या दहा-बारांतही सर्वांचा कल एकाच दिशेला असेल असे नाही.

वर्गातल्या मुलांनी हे सारे समजून घ्यावे ही अपेक्षा अवास्तव वाटेल. पण याच नर्मदेच्या काठी, आपल्यापासून फार दूर नसलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमात, ती साध्य झालेली आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडल केंद्र या दोन संस्थांनी तिथल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा वेगळा उपक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत पसरला आणि १९८२ नंतर एकलव्य संस्थेने त्याची धुरा वाहिली. खेड्यातल्या सरकारी शाळांतली मुले गटागटाने प्रयोग करीत, आपले आकडे वहीत लिहीत आणि प्रत्येक गटाचे आकडे सारखे का आले नाहीत यावर चर्चा करीत. ‘बालवैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. २००२ साली हा उपक्रम बंद झाला. पण अकरा-बारा वर्षांची ग्रामीण मुले ‘मला काय दिसले’ आणि ‘मला काय दिसावे असे वाटत होते’ यांतला फरक करू शकतात, हे त्या तीस वर्षांनी सिद्ध केले. आपल्या मुलांना ते का जमू नये?

आता सर्वांत मोठी पायरी : पाणपिसूकडून माणसाकडे. मद्यार्काने पाणपिसूचे हृदय मंदावते. माणसाचे काय होते? अनेकांना आश्चर्य वाटेल, पण दारू प्यायल्यावर माणसाच्या हृदयाचे ठोके सामान्यतः वाढतात. २०१५ साली जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या प्रसिद्ध बिअर-उत्सवात संशोधकांनी तीन हजारांहून अधिक लोकांच्या श्वासातले मद्यार्काचे प्रमाण आणि हृदयाचे आलेख एकाच वेळी नोंदवले. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांचे हृदय मिनिटाला १०० पेक्षा अधिक वेगाने धावत होते आणि श्वासात मद्यार्क जितका अधिक तितकी ही शक्यता अधिक, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. याचे कारण असे की आपल्या हृदयावर मज्जासंस्थेचा आणि संप्रेरकांचा अंमल असतो. मद्यार्काने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीर त्याची भरपाई करू पाहते आणि हृदयाला टाच मारते. त्याच वेळी हृदयाच्या स्नायूची प्रत्यक्ष ताकद मात्र मद्यार्कामुळे कमीच होत असते. म्हणजे कमकुवत झालेल्या घोड्याला अधिक वेगाने पळवल्यासारखे ते असते. पाणपिसूला आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचे जाळेच नसते. तिचे रक्त शरीराच्या पोकळीत मोकळे फिरते. त्यामुळे तिच्यात ही भरपाईची यंत्रणा आपल्यासारखी चालत नाही.

मात्रेचा हिशेबही महत्त्वाचा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. पाणपिसूच्या पाण्यात आकारमानाने १ टक्का मद्यार्क मिसळला, तर १०० मिलिलिटर पाण्यात तो सुमारे ७९० मिलिग्रॅम होतो, म्हणजे त्या मर्यादेच्या सव्वीसपट. पाण्यात बुडालेल्या एवढ्याशा जिवाच्या शरीरातही थोड्या वेळात साधारण तेवढेच प्रमाण होते. माणसाच्या रक्तात हेच प्रमाण ४०० मिलिग्रॅमच्या आसपास गेले तर त्याचा जीव धोक्यात येतो. म्हणजे आपण ‘सौम्य’ समजतो ती १ टक्क्याची मात्राही माणसाच्या मरणाच्या पातळीच्या जवळपास दुप्पट आहे. आणि शालेय प्रयोगांत पाच-दहा टक्केही वापरले जातात. त्या पातळीला कोणताही माणूस जिवंत राहत नाही. त्यामुळे त्या थेंबात थांबलेले हृदय पाहून ‘दारू पिणाऱ्या माणसाचे असे होते’ म्हणणे हे विज्ञान नव्हे.

कोणी म्हणेल, हेतू तर चांगला आहे ना? मुले दारूपासून दूर राहिली तर थोडी अतिशयोक्ती झाली म्हणून काय बिघडले? माझ्या मते इथेच खरे काही पणाला लागलेले आहे. सातवीतल्या मुलाला आपण सांगितले की दारूने हृदय थांबते. पुढच्या महिन्यात घरच्या लग्नात त्याने आपल्या मामांना दोन पेले घेताना पाहिले. मामांचे हृदय थांबले नाही. मामा वरातीत नाचले, दुसऱ्या दिवशी कामावरही गेले. मुलगा काय समजेल? त्याला वाटेल की शाळेत सांगितले ते खोटे होते. आणि तो तेवढ्यावर थांबणार नाही. बाईंनी सांगितलेल्या इतर गोष्टींवरचा, विज्ञानाच्या पुस्तकावरचा, आपल्या शब्दावरचाही त्याचा विश्वास उडेल. पुढे सतराव्या-अठराव्या वर्षी मित्रांनी पेला पुढे केला, तेव्हा त्याला आठवेल ती शाळेतली घोषणा आणि नाचणारे मामा. एवढे मोठे नुकसान त्या एका घोषणेतून होते आणि ते कोणत्याही आलेखात उमटत नाही.

मग दारूविरुद्ध खरी साक्ष कुठे आहे? ती भरपूर आहे आणि तिच्यातही पाण्यातल्या लहान जिवांनी मोठा वाटा उचलला आहे. १९१० साली चार्ल्स स्टॉकार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या एका लहान माशाची अंडी मद्यार्क मिसळलेल्या पाण्यात वाढवली. त्यांतून निपजलेल्या काही भ्रूणांच्या डोळ्यांची रचना गंभीरपणे बिघडलेली होती. वाढत्या जिवाला मद्यार्क घातक ठरतो, ही त्या अंड्यांची साक्ष होती. पण माणसाबद्दल काही म्हणायला तेवढे पुरेसे नव्हते. १९६८ साली फ्रान्समधल्या पॉल लमोआन या डॉक्टरांनी मद्यपी मातापित्यांच्या १२७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली; १९७३ साली अमेरिकेत जोन्स आणि स्मिथ यांनी गर्भावस्थेत मद्यार्काचा संसर्ग झालेल्या बालकांचे चेहरा, वाढ आणि मेंदू यांतले एकसारखे दोष वर्णन केले आणि त्या लक्षणसमूहाला नाव दिले. माशांची अंडी आणि माणसांची मुले या दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या साक्षी जुळल्या, तेव्हा निष्कर्ष पक्का झाला : गरोदरपणात मद्यार्काची सुरक्षित अशी मात्रा नाही.

या कामात पुढे एका भारतीय माशाने मोठी मदत केली, हे आपल्याला माहीत असावे. झेब्राफिश नावाचा तो चार-पाच सेंटिमीटरचा पट्टेदार मासा मूळचा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली कोसी नदीतल्या माशावरून त्याचे वर्णन केले. त्याची अंडी पाणपिसूसारखीच पारदर्शक. फलनानंतर जेमतेम एका दिवसात त्याच्या भ्रूणाचे हृदय धडधडू लागते आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसते. त्याच्या हृदयाला आपल्यासारखे चार कप्पे नसतात, दोनच असतात. पण तो पाठीचा कणा असलेला प्राणी असल्याने पाणपिसूपेक्षा आपला कितीतरी जवळचा नातलग आहे. मद्यार्कात वाढलेल्या त्याच्या भ्रूणांत हृदयाभोवती पाणी साचणे, ठोके मंदावणे, हृदयाची घडण बिघडणे असे परिणाम अनेक प्रयोगशाळांत नोंदले गेले आहेत. पुण्यात शं. पु. आघारकरांच्या नावाने चालणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयाची वाढ आणि दुरुस्ती यांवर संशोधन होते. मराठी घरांतली मुले उद्या तिथे काम करतील, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

प्रौढ माणसाच्या हृदयाबद्दलची साक्ष तर माणसांनीच दिलेली आहे. सुट्टीच्या दिवशी बेसुमार पिऊन आलेल्या, एरवी निरोगी माणसांच्या हृदयाची लय अचानक बिघडते, याकडे १९७८ साली अमेरिकी डॉक्टरांनी लक्ष वेधले आणि त्या विकाराला ‘सुट्टीचे हृदय’ अशा अर्थाचे नाव पडले. दीर्घकाळ आणि पुष्कळ पिणाऱ्यांत हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होतो, रक्तदाब वाढतो. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्य पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. आता पाहा, यांतले एकही विधान ‘हृदय थांबते’ इतके भडक नाही. पण लग्नात नाचणाऱ्या मामांकडे पाहूनही ते खोटे ठरत नाही. मुलाला आपण असे सांगू शकतो : ‘आज मामांना काही झाले नाही. पण त्यांचे हृदय त्या रात्री अधिक जोरात धावत होते. आणि असे वर्षानुवर्षे होत राहिले तर धोका वाढत जातो.’ हे सांगायला चार वाक्ये अधिक लागतात, पण ते टिकते.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दारू हा ‘त्या’ वस्तीतला, ‘त्या’ लोकांचा प्रश्न आहे, असे आपल्या मध्यमवर्गीय घरांत सहज बोलले जाते. आपल्या शेजारच्या मंडला-डिंडोरीच्या गोंड समाजात मोहाची फुले हे अन्न आहे, उत्पन्न आहे आणि त्यांच्यापासून गाळलेल्या दारूला पूजाविधीत स्थान आहे. त्या समाजालाही व्यसनाने पोखरले आहे आणि तिथल्या स्त्रियांनी त्याची झळ सोसली आहे, हे खरे. पण आपल्या घरात ती बंद दाराआड, रंगीत पेल्यातून येते म्हणून तिचा रेणू काही वेगळा होत नाही. जो मुलगा दहा सेकंदांत चाळीस ठिपके मोजतो, तो घरातल्या मोठ्या माणसांचे बोलणे आणि वागणे यांतले अंतरही मोजतोच.

आणि एखाद्या घरात व्यसन असेल, तर त्या घरातल्या मुलाचा विचार सर्वांत आधी करावा. वर्गात ‘दारूने हृदय थांबते’ म्हटल्यावर तो मुलगा रात्री झोपेल का? आपले वडील आज मरतील का, याची धास्ती त्याला वाटेल. त्याला सांगायला हवे की व्यसन हा आजार आहे, त्यात त्याचा काही दोष नाही आणि त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले ‘मुक्तांगण’ हे त्याचे आपल्या मराठी समाजातले मोठे उदाहरण आहे. तिथून हजारो माणसे बरी होऊन घरी परतली. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही विनाशुल्क दूरध्वनी-सेवाही उपलब्ध आहे. शाळेच्या फलकावर घोषणेऐवजी हा क्रमांक लिहिलेला मला अधिक आवडेल.

शेवटी शाळेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. हा प्रयोग आपल्या शाळेत व्हावा, पण सावकाश आणि पूर्णपणे. खालच्या वर्गांसाठी मद्यार्काची गरजच नाही. थंड, साधे आणि किंचित कोमट पाणी घेऊन ठोके मोजले तरी मुले तुलनेचा गट, सरासरी आणि आकड्यांतली तफावत शिकतील. मद्यार्काचा प्रयोग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी, सर किंवा बाई समोर असतानाच करावा. तोही प्रयोगशाळेतील शुद्ध इथाइल अल्कोहोल अत्यल्प प्रमाणात वापरून. मेथिलेटेड स्पिरिट वापरू नये. त्यात विषारी मेथिल अल्कोहोल मिसळलेले असते. घरून कोणी बाटली आणणार नाही, हे सांगण्याची गरज नसावी. प्राणी लागतील तेवढेच घ्यावेत, सौम्य मात्रा वापराव्यात, मोजणी झाल्यावर त्यांना स्वच्छ पाण्यात ठेवावे आणि त्यांना झालेला त्रास वहीत लिहावा. लहान आहे म्हणून जीव फुकटचा होत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने असावेत : ‘या प्रयोगावरून मी काय म्हणू शकतो’ आणि ‘काय म्हणू शकत नाही’. अपेक्षेपेक्षा वेगळे आलेले आकडे कोणी खोडू नयेत. अशा वह्या दरवर्षी शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या, तर पुढल्या तुकड्यांना आधीच्यांशी आपले आकडे ताडून पाहता येतील. त्याबरोबरच शहरातल्या उरलेल्या तलावांपैकी एखाद्याच्या पाण्यात यंदा पाणपिसवा किती आढळल्या, याचीही नोंद व्हावी. तलावाच्या प्रकृतीचा तो बरा अंदाज असतो, कारण पाण्यात विष आले की सर्वांआधी मान टाकणाऱ्यांत पाणपिसू असते. म्हणूनच रसायनांची विषारीपणाची चाचणी घेताना जगभर तिचाच आधार घेतला जातो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते आहेत, त्यांनी या कामी शाळेला दोन चांगले सूक्ष्मदर्शक आणि उष्णता न देणारे दिवे द्यावेत, ही माझी विनंती. खर्च फार नाही. पालकांनी त्या दिवशी शाळेत येऊन आपल्या मुलाच्या शेजारी बसावे, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावावा आणि स्वतः दहा सेकंद मोजून पाहावे. मग घरी जाताना मुलाने दारूबद्दल प्रश्न विचारला, तर दोघांनीही एकच गोष्ट पाहिलेली असेल आणि बोलणे तिथून सुरू करता येईल.